ना. म. जोशी : जिनिव्हाचा करार आणि आपला कायदा

मुंबईत लोअर परळ स्टेशनाजवळ ना. म. जोशी मार्ग आहे. जुनी माणसे त्याला अजून डिलाईल रोड म्हणतात. आपल्या दुबलगुंडी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या कित्येकांना हा रस्ता माहीत आहे. कुणी तिथल्या चाळीत नातेवाइकांकडे उतरले असतील, कुणी तिथे कामालाही असतील. पण ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले ते ना. म. जोशी कोण, हे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. कुणी स्वातंत्र्यसैनिक असतील, एवढाच अंदाज.

आमच्या मते मराठी माणसाने हे नाव नीट ओळखून घ्यावे असे आहे. जगातल्या देशांनी एकत्र बसून माणसाच्या हक्काचा एखादा करार केला, तर तो आपल्या गावातल्या मजुरापर्यंत पोचतो कसा? मधे काय काय घडावे लागते? या प्रश्नामागे ज्यांनी सारे आयुष्य घातले, त्या पहिल्या भारतीयांपैकी जोशी एक होते. हा हक्क आपल्या सीमाभागात इतका उशिरा का आला, हेही त्यांच्या चरित्रातून समजते.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 5 जून 1879 रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगाव या गावी झाला. हे मुंबईचे गोरेगाव नव्हे, माणगाव तालुक्यातले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते 1901 साली बी. ए. झाले आणि पुढची काही वर्षे शिक्षक होते. त्या काळी पदवीधर माणसाला सरकारी नोकरीत बरे दिवस येत. जोशींनी ती वाट सोडली आणि 1909 साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. समाजाच्या सभासदाने जन्मभर बेताच्या मानधनात राहून सार्वजनिक काम करायचे, अशी तिथली शिस्त होती. गोखल्यांच्या शिष्यांपैकी कुणी शिक्षणाकडे गेले, कुणी राजकारणाकडे. जोशी मुंबईच्या गिरणगावाकडे वळले.

1911 साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग उभी केली. परळचे दामोदर नाट्यगृह, जिथे कामगार रंगभूमीची कितीतरी नाटके झाली, ते याच लीगचे. आपल्या मंडळातल्या नाटकवेड्या मंडळींना हे सांगायला हवे म्हणून सांगितले. लीगने रात्रीच्या शाळा काढल्या, वाचनालये काढली, दवाखाने चालवले, सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी पतपेढ्या सुरू केल्या. कोकणातून, घाटावरून आलेली माणसे एकेका खोलीत दहा-पंधरा राहत. 1911 च्या कारखाना कायद्याप्रमाणे कापड गिरणीत पुरुषाकडून दिवसाला 12 तास काम घेता येत असे, आणि 9 वर्षांच्या पोराला कामावर ठेवता येत असे. हे सारे कायद्यात बसूनच चालले होते. रात्रीच्या शाळेत येणारा माणूस 12 तास उभा राहून आलेला असे. त्याला बाराखडी शिकवायची म्हणजे आधी त्याचे कामाचे तास कमी झाले पाहिजेत, हे जोशींच्या लवकर ध्यानात आले असावे. दयेच्या कामाकडून ते हक्काच्या कामाकडे सरकले ते इथून.

पहिले महायुद्ध संपले आणि 1919 साली व्हर्सायचा तह झाला. या तहाचा एक भाग कामगारांविषयी होता. माणसाचे श्रम म्हणजे बाजारातली जिन्नस समजायची नाही, हे तत्त्व त्यात मान्य केले होते, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. हिंदुस्थान तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी तहावर हिंदुस्थानच्या नावाने सही झाली होती, म्हणून आपण या संघटनेचे पहिल्या दिवसापासून सभासद झालो. पुढे 1922 साली महत्त्वाच्या आठ औद्योगिक देशांत हिंदुस्थानची गणना होऊन कार्यकारी मंडळावर कायमची जागाही मिळाली. स्वतःचे राज्य नसलेल्या देशाला अशी जागा मिळावी, हा इतिहासातला एक चमत्कारिक योग आहे.

संघटनेची पहिली परिषद ऑक्टोबर 1919 मध्ये वॉशिंग्टनला भरली. प्रत्येक देशाने सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी पाठवायचे होते. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने ना. म. जोशी यांना नेमले.

परिषदेचा पहिला करार कामाच्या तासांचा झाला : दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. पण हिंदुस्थान आणि जपान यांच्यासाठी वेगळी कलमे घातली गेली. हिंदुस्थानच्या वाट्याला आठवड्याचे 60 तास आले. आज हे वाचताना राग येतो, आणि यावा. युरोपातल्या कामगाराला 48 आणि आपल्याला 60, असा तो हिशेब होता. परंतु ज्या गिरणीत आठवड्याला 72 तास काम चाले तिथे 12 तास कमी होणे म्हणजे आठवड्यातला एक पूर्ण दिवस परत मिळणे होते. जोशींनी मिळाले ते पदरात घेतले आणि उरलेल्यासाठी पुढची पंचवीस वर्षे भांडत राहिले. त्यांच्या कामाची ही पद्धतच होती. तिच्यामुळे त्यांना शिव्याही बसल्या, ते पुढे येईल.

जोशींची नेमणूक सरकारने केली होती, कामगारांच्या संघटनेने नाही. कारण देशभराची अशी संघटनाच नव्हती. मग कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनी का निवडू नये, हा प्रश्न जोरात पुढे आला. ऑक्टोबर 1920 मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आपण जिला आयटक म्हणतो ती, स्थापन झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष झाले. जोशी या उभारणीत होतेच. पुढे 1925 ते 1929 आणि पुन्हा 1940 ते 1948 ते तिचे सरचिटणीस होते. प्रतिनिधी पाठवण्याची गरज आधी आली आणि संघटना मागून, असा हा उलटा प्रवास होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परिषदेत करार झाला म्हणजे कायदा झाला, असे होत नाही. तहाप्रमाणे प्रत्येक देशावर एवढेच बंधन होते की, वर्ष-दीड वर्षाच्या आत तो करार आपल्या कायदेमंडळापुढे मांडायचा. मान्यता द्यायची की नाही, हा त्या देशाचा अधिकार. मान्यता दिली तर त्याला जुळेल असा देशाचा कायदा करायचा. म्हणजे वॉशिंग्टन किंवा जिनिव्हाला टाळ्या पडल्यावर खरे काम दिल्ली-सिमल्याच्या सभागृहात सुरू होते. तिथे मालकांचे प्रतिनिधी बसलेले, सरकारी अधिकारी बसलेले, आणि कामगारांच्या बाजूने बोलणारा बहुतेक वेळा एकच माणूस. 1921 पासून जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नेमलेले सभासद होते, आणि सुमारे पाव शतक तिथे राहिले.

14 जुलै 1921 रोजी हिंदुस्थानने कामाच्या तासांच्या कराराला मान्यता दिली. 1922 साली कारखाना कायदा बदलला. दिवसाला जास्तीत जास्त 11 तास, आठवड्याला 60 तास, आणि मुलाचे किमान वय 9 वरून 12 झाले. 12 ते 15 वयाच्या मुलांना 6 तासांची मर्यादा आली. 1934 साली बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास 54 झाले, पण हंगामी कारखान्यांत 60 च राहिले. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या जागा आठवा, त्या हंगामीतच मोडतात. 48 तास यायला 1946 उजाडले. वॉशिंग्टनला 1919 मध्ये जो आकडा ठरला होता तो आपल्या कायद्यात पोचायला 27 वर्षे लागली.

1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याआधी यंत्रात हात गेला तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. हात गेलेला माणूस कोर्टकचेरी कुठून करणार? नव्या कायद्याने कामावर असताना अपघात झाला की भरपाई देणे मालकावर आले. याच वर्षी खाणींचा कायदा झाला आणि 13 वर्षांखालच्या मुलांना खाणीत नेण्यास बंदी आली.

जोशींच्या नावावर ठळकपणे लिहावा असा कायदा मात्र 1926 चा, ट्रेड युनियनचा. त्याची हकिकत अशी. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत 1920 साली तंटा झाला. तिथल्या युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध मालक हायकोर्टात गेले. कामगारांना नोकरीचा करार मोडायला फूस लावली, असा दावा होता. इंग्लंडच्या जुन्या कायद्याच्या आधारे कोर्टाने मनाई हुकूम दिला. याचा अर्थ असा की युनियन काढून संप करा असे सांगणारा कोणीही माणूस नुकसानभरपाईच्या दाव्यात घरदार घालवून बसेल. इंग्लंडमध्ये कामगारांना अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले होते, इथे नव्हते. मार्च 1921 मध्ये जोशींनी कायदेमंडळात ठराव मांडला की सरकारने युनियनची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा आणावा. ठराव पास झाला. कायदा यायला पाच वर्षे गेली आणि तो लागू व्हायला 1927 उजाडले. कोणत्याही सात माणसांना युनियन नोंदवण्यासाठी अर्ज करता येऊ लागला. नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर, कामगारांच्या तंट्यात ते वागले म्हणून, कटाचा फौजदारी खटला किंवा दिवाणी दावा लावणे अवघड झाले. एकत्र येण्याचा हक्क आपण आज गृहीत धरतो. संविधान येण्याच्या बरीच वर्षे आधी गिरणी कामगाराला तो या कायद्याने मिळवून दिला.

सगळेच ठराव पास झाले नाहीत. वॉशिंग्टनला बाळंतपणाच्या रजेचाही करार झाला होता. प्रसूतीच्या आधी आणि नंतर काही आठवडे बाईला कामावर घ्यायचे नाही आणि त्या काळात तिच्या पोटाची सोय करायची, असा त्याचा आशय. हिंदुस्थान सरकारने त्याला मान्यता दिली नाही. इथल्या बाया स्वतःच बाळंतपणाला गावी निघून जातात, कायद्याची गरज काय, अशा तऱ्हेची कारणे पुढे येत. जोशींनी 1924 साली स्वतःचे विधेयक आणले आणि ते पडले. पण पडलेले विधेयक वाया गेले असे म्हणता येत नाही. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात हाच विषय पुन्हा आला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली तिथे त्याला ठाम पाठिंबा दिला, आणि 1929 साली मुंबई इलाख्याचा प्रसूतीलाभाचा कायदा झाला. सबंध देशासाठीचा कायदा 1961 चा. त्यातली 12 आठवड्यांची रजा 2017 साली 26 आठवडे झाली. आपल्या घरातल्या ज्या लेकी-सुना शाळांत, बँकांत, कंपन्यांत आहेत, त्यांच्या रजेचे मूळ इथपर्यंत मागे जाते.

1929 हे जोशींच्या आयुष्यातले कठीण वर्ष. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमले आणि जोशींनी त्यात सभासद होणे पत्करले. सायमन कमिशनवर देशाने बहिष्कार टाकला होता, तेव्हा या कमिशनवरही टाकावा असे आयटकमधल्या डाव्या गटाचे म्हणणे. जिनिव्हाला प्रतिनिधी पाठवणेही बंद करावे, असा त्यांचा आग्रह होता. नागपूरच्या अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, मतभेद विकोपाला गेले. जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. सरकारचा माणूस, मवाळ, तडजोडवाला, अशी विशेषणे जोशींना लागली.

या टीकेत काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परकीय सरकारने नेमलेल्या जागेवर बसून त्याच सरकारशी भांडण्याला मर्यादा असतातच. पण कमिशनने 1931 साली अहवाल दिला आणि त्यातून काय निघाले हेही पाहिले पाहिजे. त्यातला एक छोटा कायदा 1933 चा. आईबापांनी किंवा पालकांनी मालकाकडून पैसे उचलून त्या बदल्यात मुलाचे श्रम गहाण टाकणे त्याने बेकायदा ठरवले. 1936 चा वेतन देण्याचा कायदा, पगार वेळेवर द्यावा आणि मनमानी दंड कापू नये यासाठीचा, हाही त्याच मालिकेतला. मुलांच्या श्रमाविषयी 1937 साली जिनिव्हाला जो करार झाला, त्यानंतर 1938 साली इथे मुलांना कामावर ठेवण्याविषयीचा कायदा झाला. बहिष्कार टाकणारे चुकीचे होते असे नाही. त्यांची लढाई राज्य बदलण्याची होती. जोशींची नजर पुढच्या पगाराच्या दिवसावर असे. पुढे दोन्ही बाजू पुन्हा जवळ आल्या आणि 1940 मध्ये जोशीच आयटकचे सरचिटणीस झाले, त्यावरून त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी विरोधकांना शंका नव्हती हे दिसते.

इथपर्यंत वाचून आपल्या भागातला वाचक विचारील की, यातले आपल्या आजा-पणजांना काय मिळाले?

जवळजवळ काहीच नाही. कारण दुबलगुंडी निजामाच्या राज्यात होते. दिल्लीच्या कायदेमंडळाचे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते. संस्थानांत ते चालत नसत. करारांना मान्यता हिंदुस्थानच्या नावाने दिली जाई, पण अंमल संस्थानाच्या शिवेवर थांबे. आपल्याकडचा एक भाऊ सोलापूरच्या गिरणीत लागला आणि दुसरा कलबुर्गीच्या महबूबशाही गिरणीत, तर काम तेच, धूळ तीच, पण सोलापूरवाल्यामागे 1922 चा कायदा उभा होता आणि कलबुर्गीवाल्यामागे तो नव्हता. निजाम सरकारने पुढे स्वतःचे काही कारखानाविषयक नियम केले, ते वेगळे आणि उशिराचे.

शेतीवर तर परिस्थिती याहून बिकट होती. सालगडी म्हणजे काय हे आपल्याकडच्या वयस्कर मंडळींना समजावून सांगावे लागत नाही. पाडव्याला साल ठरायचे, धान्य आणि थोडे पैसे ठरायचे, पुढच्या पाडव्याला हिशेब. सगळेच सालगडी गुलाम होते असे म्हणणे चूक ठरेल. अनेक घरांत ते पिढ्यान्पिढ्या मानाने राहिले. पण लग्नासाठी किंवा आजारपणासाठी उचल घेतली आणि ती फिटली नाही की साल संपतच नसे. बापाची उचल मुलाच्या माथी येई. हैदराबाद संस्थानात या बांधलेल्या गड्याला भगेला म्हणत, कानडीत या पद्धतीला जीत म्हणतात. त्याखेरीज देशमुख, जहागीरदार, सरकारी अंमलदार यांच्यासाठी फुकट राबण्याची वेठ होतीच, आणि तिचा भार बहुतेक दलित घरांवर पडे. भगेल्यांच्या करारांवर निर्बंध घालणारा नियम निजामाच्या राज्यातही निघाला, पण ज्याला वाचता येत नाही आणि तक्रार ऐकणारा अंमलदार मालकाच्याच ओसरीवर उतरतो, त्याला त्या नियमाचा काय उपयोग?

1930 साली जिनिव्हाला वेठबिगारीविरुद्धचा करार झाला. आपल्या भागाशी सर्वांत जवळचा करार हाच म्हणायला हवा. पण हिंदुस्थानची मान्यता त्याला स्वातंत्र्यापर्यंत मिळाली नाही. मुख्य अडचणींपैकी एक संस्थानांची होती. लंडनच्या गोलमेज परिषदांना जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. कामगारविषयक कायदे करण्याचा अधिकार मध्यवर्ती संघराज्याकडे असावा, सबंध देशाला ते लागू करता यावेत, यावर त्यांचा भर होता. घडले ते उलट. 1935 च्या कायद्यात कलम 106 असे लिहिले गेले की, आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी प्रांतांच्या किंवा संस्थानांच्या विषयांत कायदा करायचा तर प्रांताच्या गव्हर्नरची किंवा संस्थानिकाची संमती हवी. म्हणजे आपल्या गावातल्या गड्याची सुटका करायला निजामाची परवानगी लागणार.

ही अडचण आपल्या एकट्याची नव्हती. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि किमान वेतन यांचे करार मान्य करून कायदे केले होते. 1937 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते रद्द केले, कारण हे विषय प्रांतांचे, आणि करार केला म्हणून केंद्राला नवा अधिकार मिळत नाही. देशाने जगापुढे शब्द द्यायचा आणि घरात तो पाळण्याचा अधिकारच नसायचा, अशी ती कोंडी.

आपल्या संविधानाने ही कोंडी फोडली. कलम 253 प्रमाणे आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसद देशाच्या कोणत्याही भागासाठी कायदा करू शकते, विषय राज्यांचा असला तरी. कलम 51 मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा आणि करारांचा आदर राखावा असे राज्याला सांगितले आहे. आणि कलम 23 ने वेठबिगारी थेट बंद केली, गुन्हा ठरवली. यासाठी कुणा परदेशी कराराची वाट पाहावी लागली नाही. घटना समितीत जोशी नव्हते. मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर होते. गोलमेज परिषदेत दोघे होते, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात आंबेडकरांनी 1942 ते 1946 मजूर खाते सांभाळले. करार आणि कायदा यांच्यामधले अंतर त्यांनीही जवळून पाहिले होते.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे राज्य संपले आणि 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झाले. मुंबईच्या गिरणीतल्या माणसाला थोडे-थोडे करून तीस वर्षांत जे मिळाले, ते आपल्या भागालाही कागदावर का होईना लागू होण्याची वाट मोकळी झाली. आपण दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडावंदन करतो. त्या दिवसाची ही बाजूही घरातल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

भारताने वेठबिगारीविरुद्धच्या कराराला 30 नोव्हेंबर 1954 रोजी मान्यता दिली. त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, 30 मे 1955 रोजी, ना. म. जोशी मुंबईत वारले. 76 वर्षे पूर्ण व्हायला आठवडाही उरला नव्हता. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले नाही. नावाचा रस्ता मात्र योग्य ठिकाणी मिळाला, गिरण्यांच्या मधोमध.

त्यांच्या मागे हे काम संपले नाही. संविधानात कलम होते, जिनिव्हाच्या करारावर सही होती, तरी गडी बांधलेला राहिलाच. 1976 साली संसदेने वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा केला आणि सर्व वेठबिगारांचे कर्ज रद्द झाले. त्या कायद्याच्या व्याख्येत देशातल्या निरनिराळ्या भागांतल्या अशा पद्धतींची नावेच्या नावे दिली आहेत. त्या यादीत भगेला आहे, जीत आहे, वेठही आहे. आपल्या शिवारातले शब्द दिल्लीच्या कायद्यात जसेच्या तसे छापलेले पाहिले की, हा करार खरोखर इथपर्यंत चालत आला याची खात्री पटते. 1982 साली दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आणखी पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे हीसुद्धा कलम 23 मधली सक्तीची मजुरीच, असा निकाल न्यायमूर्ती भगवती यांनी दिला. उसाच्या फडावर, वीटभट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या जोडप्यांनी आणि त्यांना नेणाऱ्या मुकादमांनी हा निकाल माहीत करून घ्यावा. तालुक्याच्या तहसील कचेरीत वेठबिगारीची तक्रार देता येते, आणि सुटका झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले की पुनर्वसनाची मदत मिळण्याची तरतूद आहे.

काही करार अजून तसेच पडून आहेत. युनियन करण्याच्या स्वातंत्र्याचा 87 क्रमांकाचा करार 1948 चा, आणि संघटित होऊन मालकाशी वाटाघाट करण्याच्या हक्काचा 98 क्रमांकाचा करार 1949 चा. या दोहोंना भारताने आजवर मान्यता दिलेली नाही. सरकारी नोकरांना संपाचा हक्क द्यावा लागेल, ही अडचण सरकारे सांगत आली. बालमजुरीच्या दोन मुख्य करारांना 2017 साली मान्यता मिळाली. 2019 आणि 2020 साली संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. जोशींच्या ठरावातून आलेला 1926 चा कायदाही त्यांत विलीन केला गेला. सात माणसांनी अर्ज करून युनियन नोंदवायची, ही तरतूद नव्या संहितेतही ठेवली आहे.